नऊ बाटल्यांचे हवाई दल

दोन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी जाहीर केले की, यंदा मला फटाके नकोत. त्या पैशांत विमानाचे किट आणून द्या. धूर नाही, आवाज नाही, बोटे भाजण्याची धास्ती नाही. आम्ही उभयता मनातून खूष झालो. किट आले. हंटर विमान, एकास बहात्तर या प्रमाणातले. म्हणजे सहा फुटी वैमानिक त्यात बरोबर एक इंचाचा होतो. राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटींना जडलेले बारीकसारीक सुटे भाग, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे आणि एक घडीचा नकाशा, एवढा ऐवज. रंग मात्र पेटीत नव्हते.

हंटरच का, त्याला कारण होते. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. विमानाचा सांगाडा, त्याचा पत्रा, त्यावरचे रिव्हेट हे त्यांचे खाते. १९७१ साली ते जामनगरला हंटर विमानांवर कामाला होते. त्यांच्या वाढदिवशी, चैत्रात, त्यांचे विमान त्यांच्या तळहातावर ठेवायचे असा नातवाचा बेत होता.

रंग आणायला मी गेलो आणि तिथेच घोटाळा झाला. दुकानदाराने विचारले, "कोणते देऊ?" मला काय ठाऊक! काचेच्या कपाटात चोवीस बाटल्यांची एक देखणी पेटी होती. पोराची हौस, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, अशा उदार विचाराने मी ती उचलली. आज हिशेब सांगतो: चोवीसपैकी सहा बाटल्या कामी आल्या, आठांची झाकणे कधी उघडलीच नाहीत, आणि बाकीच्या एकदा उघडून अशा सुकल्या की, आता पक्कडीनेही दाद देत नाहीत. आणि ज्या हिरव्यासाठी हा खटाटोप, तो पेटीत नव्हताच. होता तो पोपटाच्या पाठीचा. त्या रंगातले हंटर जत्रेतल्या खेळण्यासारखे दिसू लागले. नानांनी ते हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला, "छान चिकटवलंस रे," म्हणाले आणि टीपॉयवर ठेवले. रंगाविषयी अवाक्षर काढले नाही. पोरगा काय समजायचे ते समजला.

त्यानंतर आम्ही बापलेक या विषयात पडलो. पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, थोडे पैसे आणखी फुकट घालवले. यंदा ज्यांच्या घरी असे किट येणार आहे त्यांचे तरी पैसे वाचावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

गाठ पहिल्यांदा सोडवली ती आमच्या सौभाग्यवतींनी, तीही नकळत. त्या पेटीकडे पाहून ती म्हणाली, "माझ्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या आहेत. सबंध वर्षाचा स्वयंपाक त्यातून निघतो. दुकानातला प्रत्येक मसाला आणून ठेवला असता, तर निम्म्याला पोरकिडे लागले असते." रंगांचेही तंतोतंत तसेच आहे. आधी घरी काय शिजणार ते ठरवायचे, मग डबा भरायचा. जगातल्या सगळ्या लढाऊ विमानांना पुरेल असा संग्रह कुणाकडेच नसतो. पण एका देशाच्या, एका परंपरेच्या विमानांना पुरेल असा डबा थोडक्या बाटल्यांत भरतो, आणि एकेक बाटली चार-चार विमानांना लागते.

आम्ही ठरवले की, आपल्या हवाई दलात उडालेली विमाने करायची. हा निवाडा भलताच सोयीचा ठरला. आपले हवाई दल ब्रिटिश पद्धतीत वाढले, त्यामुळे महायुद्धातल्या हरिकेनपासून पुढच्या हंटरपर्यंत रंगांचे घराणे एकच. त्या घराण्याचा कर्ता पुरुष म्हणजे गडद हिरवा, इंग्रजीत डार्क ग्रीन. नावावर जाऊ नका. त्यात हिरवेपणा बेताचाच असतो. पावसाळ्यानंतर भिंतीवरचे शेवाळ वाळू लागते, तसा काहीसा. दुसरा डार्क अर्थ, ओल्या मुरुमाचा तपकिरी. १९४० साली इंग्लंडच्या आभाळात जर्मनांशी झुंजलेल्या हरिकेन आणि स्पिटफायर विमानांच्या पाठीवर या दोन रंगांचे मोठे मोठे ठिगळ होते; हेतू हा की, वरून पाहणाऱ्या शत्रूला खाली शेते आणि झाडीच दिसावी. १९४४ साली इंफाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपले पहिले स्क्वाड्रन जी हरिकेन उडवीत होते, तीही याच कुळातली. जपानविरुद्धच्या त्या आघाडीवर विमानांवरच्या वर्तुळातला तांबडा टिळा काढून टाकला होता, कारण जपानचे चिन्हच मुळी तांबडा सूर्य. घाईत पाहणाऱ्या मित्राने आपल्याच माणसावर गोळी झाडू नये, एवढ्यासाठी! चिन्हे चिकटवण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तिसरा आणि चौथा रंग राखाडी. मीडियम सी ग्रे म्हणजे कबुतराच्या पोटाचा; डार्क सी ग्रे म्हणजे पुसून वाळलेल्या दगडी पाटीचा. हंटरच्या पाठीवर डार्क ग्रीन आणि डार्क सी ग्रे यांचे पट्टे असत, आणि सुरुवातीच्या हंटरचे पोट चंदेरी असे. १९५७ पासून ही विमाने आपल्याकडे आली ती इंग्लंडच्या हवेसाठी बेतलेला हाच वेष घालून. ५ डिसेंबर १९७१ रोजी जैसलमेरहून उडून ज्या हंटरांनी लोंगेवालाच्या वाळूत रणगाड्यांची दाणादाण उडवली, तीही हिरवी-राखाडी. राजस्थानच्या वाळवंटावर विलायती कुरणांचा रंग! नानांना विचारले तर ते म्हणाले, "अरे, रणगाड्याला पळायला जागाच नव्हती. आम्ही दिसलो काय नि न दिसलो काय."

येथे एक फार मौजेचा इतिहास आहे, आणि तो आमच्या पैशांच्या बचतीचाही आहे. १९४१ साली ब्रिटिशांच्या ध्यानात आले की, लढाई आता शेतांवर नसून समुद्रावर आणि उंच ढगांत आहे. तेव्हा तपकिरी काढून त्या जागी ओशन ग्रे नावाचा राखाडी लावावा. हुकूम निघाला, पण रंगाचा पुरवठा अपुरा. मग तळावरच्या लोकांना सांगण्यात आले की, सात भाग मीडियम सी ग्रे आणि एक भाग काळा मिसळा आणि काम चालवा. खुद्द रॉयल एअर फोर्सने बादलीत कालवून जो रंग लावला, त्याची बाटली शोधत आम्ही मात्र दुकाने पालथी घालत होतो! तेव्हापासून ओशन ग्रे आमच्या यादीतून बाद. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीच्या खळग्यात सात थेंब हा, एक थेंब तो; स्पिटफायर तयार.

पाचवी बाटली चंदेरी, नव्या जर्मलच्या पातेल्याची झाक असलेली. हंटरचे पोट, विमानांची चाके आणि पाय, चंदेरी नॅट, आणि अर्थात मिग-२१. १९६३ साली दलात आलेले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप घेतलेले हे विमान पुष्कळ वर्षे उघड्या धातूच्याच अंगाने वावरले. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ती बनली, तेव्हा मराठी घरात एक तरी मिग हवेच. पण चंदेरी रंग मोठा चहाडखोर. प्लॅस्टिकवरचा एकूणएक ओरखडा आणि बोटाचा ठसा तो जगाला दाखवतो. म्हणून त्याखाली घासकाम चोख हवे. त्याचा कुंचला आणि तो धुण्याची वाटीही निराळी ठेवा. त्यातली चकचकीत कणी एकदा हिरव्यात गेली की, विमानाला जरीची किनार आलीच म्हणून समजा.

सहावी आणि सातवी बाटली म्हणजे निस्तेज काळा आणि निस्तेज पांढरा. हे दोन रंग मिसळायला, शुद्ध स्वरूपात लावायला सहसा नाही. टायरदेखील काळाकुळकुळीत रंगवला तर खोटा दिसतो. त्यात थोडा पांढरा घालावा. काळ्याच्या बाबतीत तर हवाई दलानेही हाच धडा घेतला आहे. रात्री उडणारी विमाने आधी काळी ठार रंगवली जात. अनुभवाने कळले की, उजळ आभाळापुढे ती सावलीसारखी उठून दिसतात. १९४२ च्या अखेरीस त्यांना मीडियम सी ग्रेचे अंग आणि हिरव्याचे ठिगळ देण्यात आले; म्हणजे आमच्याच डब्यातले रंग!

आठवा तांबडा, नववा पिवळा. पंख्याच्या पात्यांची टोके पिवळी, धोक्याच्या बारीक खुणा तांबड्या. हे दोन्ही राखाडीवर लावले तर मळकट दिसतात. खाली पांढऱ्याचा हात द्यावा. निळा आम्ही घेतलाच नाही. केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळे तयार चिन्हांतून मिळतात. वैमानिकाची कातडी सामग्री तपकिरीत तांबड्याचा थेंब टाकून होते. मिगच्या आतल्या भागाचा तो प्रसिद्ध निळसर-हिरवा मात्र मिसळून साधत नाही. मिग करायला घ्याल त्या दिवशी दहावी बाटली आणा, आधी नको. आमच्या कन्येने "एक गुलाबी विमान करू या" म्हटले तेव्हा चिरंजीव हसले. पण टेहळणीच्या काही स्पिटफायर खरोखरच गुलाबी होत्या, पहाटे-संध्याकाळी ढगांखाली दिसू नयेत म्हणून. तांबडा अधिक पांढरा. तीही बाटली वाचली.

याखेरीज दोन वॉर्निशे हवीतच, एक चकचकीत, एक निस्तेज. नवखा माणूस यांनाच फाटा देतो. चिन्हे चिकटवायला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. खरखरीत रंगावर चिकटवली तर खाली हवा अडकून चिन्हाभोवती चंदेरी पापुद्रा दिसतो. म्हणून आधी रंग, मग चकचकीत वॉर्निश, मग चिन्हे, आणि शेवटी सगळ्यावर निस्तेज हात. हंटरला दोन्ही वॉर्निशे निम्मी-निम्मी मिसळून लावली. नाना म्हणाले, डागडुजी होऊन नवे रंगून आलेले विमान चकाके. जामनगरच्या उन्हात चार महिने उभे राहिले की त्याचा तोरा उतरे.

आता रंगाची जात कोणती घ्यावी? इनॅमल हे जुने आणि भरवशाचे. हम्ब्रोलच्या चौदा मिलिलिटरच्या चिमुकल्या डब्यांवर इंग्लंडातल्या पिढ्या पोसल्या. कुंचल्याने सुरेख पसरतात, पण वाळायला वेळ घेतात आणि टर्पेंटाइनचा वास घरभर. दुसरी जात ॲक्रिलिक. त्यातही दोन पोटजाती आहेत. जपानच्या टामियाचे रंग स्पिरिटच्या वळणाचे. फवाऱ्याने उत्तम, पण कुंचल्याने दुसरा हात दिला की खालचा थर उकलतो. स्पेनच्या वायेहोसारखे पाण्यावरचे रंग कुंचल्याला सोयीचे, वास नाही, मूल घरातल्या टेबलावर बसून काम करू शकते. तिसरी जात लॅकर. ती दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आणू नये; डोके धरते, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत वर पांढुरकी झाक येते ती वेगळीच. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी पाण्यावरचे रंग आणि साधे कुंचले. फवाऱ्याचे यंत्र आणि त्याचा तो घरघरणारा पंप मूल दोन-चार विमाने पुरी करील तेव्हा पाहू. एक मात्र आहे: पाण्याचा रंग नुसत्या प्लॅस्टिकवर नीट धरत नाही. साबणाने भाग धुऊन राखाडी प्रायमरचा पातळ हात द्यावाच लागतो. मोटारीच्या रंगाच्या दुकानातला चालतो, पण आधी रिकाम्या चौकटीवर लावून पाहा. एखादा प्लॅस्टिक खातो.

पत्र्यांच्या सांध्यांत काळोख भरायला खास बाटली विकतात, तीही नको. चित्रकलेच्या पेटीतल्या तैलरंगाची बर्न्ट अंबरची नळी घरी असेल, तर तिचा मोहरीएवढा गोळा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वॉर्निशवरून फिरवा आणि फडक्याने पुसा. आणि दिवाळीचे दिवस आहेत म्हणून सांगतो, टर्पेंटाइनची बाटली पणत्यांच्या वाऱ्यालाही उभी करू नका.

आता त्या हिरव्याकडे वळतो, कारण आमच्या घरी खरी लढाई झाली ती त्यावर. रंगांची नावे फसवी असतात. एका कारखान्याचा 'डार्क ग्रीन' दुसऱ्याच्या 'डार्क ग्रीन'शी जुळत नाही. म्हणून सरकारी प्रमाणांचे क्रमांक असतात. ब्रिटिश प्रमाणाच्या ३८१-सी या तक्त्यात डार्क ग्रीन म्हणजे ६४१, डार्क सी ग्रे ६३८, मीडियम सी ग्रे ६३७, डार्क अर्थ ४५०. अमेरिकनांचे क्रमांक पाच आकडी. त्यात पहिला आकडा ३ असेल तर रंग निस्तेज, दुसरा ६ असेल तर राखाडी. कारखान्यांच्या तक्त्यांत हे क्रमांक सापडतात. नाव विसरा, क्रमांक पाठ करा, असे आम्हाला एका जाणत्याने बजावले होते.

चिरंजीवांनी दुसरे हंटर घेतले. या वेळी आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर ६४१ लावून पाहिला आणि नानांना दाखवला. नानांनी मान हलवली. "हा? हा तर शेणकुटाचा रंग. आमचं विमान हिरवं होतं रे, चांगलं हिरवं." आता आली पंचाईत. एकीकडे इंग्लंडचा छापील तक्ता. दुसरीकडे ज्या माणसाने त्या पत्र्यावर हात फिरवत वर्षे काढली, तो. मी तक्त्याच्या बाजूचा. मुलगा म्हणाला, "बाबा, तक्त्याने हंटर पाहिलंय का? आजोबांनी पाहिलंय." त्याने हिरव्यात पिवळा घातला, किंचित पांढरा घातला, दुकानातून निळ्याची एक बाटलीही आणली, आणि पाच संध्याकाळ चमच्यांमागून चमचे रंगवले. सहाव्या चमच्याला नाना म्हणाले, "हां! हाच." विमान त्या रंगात रंगले. गणपतीच्या आदल्या दिवशी ते नानांच्या हातात ठेवले, आणि या वेळी त्यांनी ते टीपॉयवर ठेवले नाही, उशाशी ठेवले.

गणपती उठल्यावर नानांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. चारेक दिवसांनी सकाळी त्यांनी हाक मारली. विमान हातात होते. "हे कुणी बदललं?" कुणीच बदलले नव्हते. "मग हे असं पोपटी कसं दिसतंय?"

डॉक्टरांना विचारले तेव्हा उलगडा झाला. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळट-तपकिरी होत जाते. माणूस सगळे जग जणू चहाच्या पेल्यातून पाहतो, आणि हे इतके सावकाश होते की त्याला पत्ताच लागत नाही. खरा ६४१ नानांना त्या भिंगातून शेणकुटासारखा दिसला. मनातला हिरवा मात्र पंचविशीतल्या स्वच्छ डोळ्यांनी पाहिलेला. तो दिसावा म्हणून पोराला रंग भलताच हिरवा करावा लागला होता.

चिरंजीवांनी चमचे जपून ठेवले होते. त्याने ६४१चा चमचा आणि सहावा चमचा खिडकीशी शेजारी शेजारी धरले. नानांनी डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्याने पाहिले. मग उजवा झाकून डाव्याने पाहिले. पुन्हा उजव्याने. बराच वेळ हा प्रकार चालला. मग ६४१चा चमचा उचलून त्यावर अंगठा फिरवीत ते म्हणाले, "हा आमचा. जामनगरचा." आणि थोड्या वेळाने, "परत रंगव ते. आणि या खेपेला माझं ऐकू नकोस."

६४१ची बाटली अर्धी शिल्लक आहे. चिरंजीव मात्र अजून विमानाला हात लावीत नाहीत. आजोबांच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन मार्गशीर्षात आहे; तोवर थांबायचे असे त्यांनी ठरवले आहे.